जेरार फिलिप : पोस्टरवर वर्णानुक्रमाने

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, सँ-त्रोपेपासून थोड्याच अंतरावर, रामात्युएल नावाचं टेकडीवरचं एक गाव आहे. 28 नोव्हेंबर 1959 रोजी तिथल्या लहानशा दफनभूमीत एका नटाला मूठमाती दिली. नऊ दिवस आधीच गेला नसता तर 4 डिसेंबरला त्याने सदतिशी पूर्ण केली असती. त्याच्या अंगावर नेहमीचे कपडे नव्हते. कोर्नेयच्या ‘ल सिद’ या 1637 सालच्या नाटकाच्या नायकाचा, डॉन रोद्रिगचा, पोशाख त्याला चढवला होता.

जगाला हा माणूस, जेरार फिलिप, ठाऊक होता तो पडद्यावरचा. तीसेक सिनेमे, जपानपासून मेक्सिकोपर्यंत चाहते, ‘फांफां ला त्युलिप’मधली तलवारबाजी. तरी शेवटच्या प्रवासाला अंगावर चढला तो नाटकातला पोशाख. असं का झालं, याची गोष्ट त्याच्या घरापासून सुरू होते आणि फ्रान्सच्या सरकारी कचेऱ्यांमधून फिरून येते.

घर दक्षिण किनाऱ्यावरच्या कान शहरातलं. आईला सगळे ‘मिनू’ म्हणत, तिला पत्ते मांडून भविष्य सांगायचा नाद. वडील मार्सेल फिलिप वकिली शिकलेले, पण हॉटेलं चालवणारे. पोराने कायदा शिकावा ही त्यांची इच्छा, आणि पोराने नीसमध्ये तसा प्रवेश घेतलाही. आईची खटपट मात्र वेगळी चालली होती. युद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेल्यावर सिनेमावाल्यांची मांदियाळी दक्षिणेकडे सरकली होती. त्यांतल्या मार्क आलेग्रे या दिग्दर्शकासमोर आपल्या मुलाला उभं करण्यात ती यशस्वी झाली. 1942 मध्ये तो आंद्रे रुसँच्या एका नाटकातून रंगमंचावर आला. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये जिरोदूच्या ‘सोदोम ए गोमोर’ मध्ये त्याला देवदूताची भूमिका मिळाली आणि तेवढ्यावर शहराने त्याची दखल घेतली. दरम्यान नावाच्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ई’ चिकटला होता. उच्चारात त्याने काडीचा फरक पडत नाही, पण नाव-आडनाव मिळून अक्षरं तेरा होतात आणि तेरा हा आकडा शुभ मानला गेला, असं सांगतात. मिनूच्या घरात हे अगदी शोभतं.

वडिलांची गोष्ट इतकी हलकीफुलकी नाही. मार्सेल फिलिप दोरियोच्या पीपीएफ या नाझीधार्जिण्या पक्षात होते. ऑगस्ट 1944 मध्ये पॅरिस मुक्त होत असताना मुलगा नगरभवनाच्या इमारतीत बंडखोरांच्या बाजूने उभा होता. 26 सप्टेंबर 1945 ला एबेर्तो थिएटरात काम्यूच्या ‘कालिग्युला’चा पहिला प्रयोग झाला. सत्तेने माथं फिरलेल्या तरुण रोमन सम्राटाच्या भूमिकेत बावीस वर्षांचा जेरार, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या तोंडी त्याचं नाव. त्याच वर्षाच्या अखेरीस न्यायालयाने मार्सेल फिलिपना त्यांच्या गैरहजेरीत देहान्ताची शिक्षा सुनावली. ते तोवर स्पेनला पळून गेले होते. मुलाने त्यांच्याशी नातं तोडलं नाही. पैसे पाठवले, जाऊन भेटलाही, पण याबद्दल चारचौघांत बोलणं टाळलं. ‘ल सिद’चं कथानक आठवा: बापाच्या अपमानाचा सूड घ्यायला मुलाला स्वतःच्या प्रेयसीच्या बापावर तलवार उगारावी लागते. अनेक चरित्रकार इथे घाईने रेघ ओढून मोकळे होतात. मला ती रेघ जरा जास्तच सरळ वाटते. त्याने पुढे केलेल्या निवडींमागे ही सावली असणार, एवढं म्हणणं पुरे.

सिनेमाने त्याला झपाट्याने उचललं. 1947 मध्ये क्लोद ओतां-लाराचा ‘ल दियाब्ल ओ कोर’ आला. पहिल्या महायुद्धात नवरा आघाडीवर असलेली एक स्त्री आणि शाळकरी मुलगा यांचं प्रेम हा विषय. धर्मगुरूंपासून माजी सैनिकांपर्यंत सगळे खवळले, पण ब्रुसेल्सच्या महोत्सवात फिलिपला अभिनयाचं पारितोषिक मिळालं. गंमत अशी, की पडद्यावर वयाने थोर वाटणारी मिशलिन प्रेल प्रत्यक्षात त्याच्याहून जेमतेम साडेतीन महिन्यांनी मोठी होती. त्याच्या अंगकाठीत, चालण्यात, वाक्याचा शेवट किंचित वर नेण्याच्या लकबीत ते सतरा वर्षांचं पोर होतं. नंतर ‘ला शार्त्रूझ द पार्म’, ‘ला रोंद’, रने क्लेरचा ‘ला बोते द्यु दियाब्ल’. 1950 संपेपर्यंत निर्माते त्याच्या दारात उभे होते.

आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो स्वतः दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहिला. ज्यां विलार तेव्हा पॅरिसच्या आतलिए थिएटरात पिरान्देलोच्या ‘हेन्री चौथा’मध्ये काम करत होता. फिलिप त्याच्या रंगपटात गेला आणि तुमच्याबरोबर काम करायचं आहे म्हणाला. याआधी विलारने त्याला ‘ल सिद’ करशील का म्हणून विचारलं होतं, तेव्हा शोकांतिका हा माझा प्रांत नव्हे म्हणून त्याने नकार दिला होता. आता विलारने क्लाइस्टचं ‘होम्बुर्गचा राजपुत्र’ त्याच्या हाती ठेवलं. जर्मन नाटक, जर्मन सेनाधिकारी नायक, युद्ध संपून सहा वर्षंही झालेली नाहीत. फिलिप तयार झाला, आणि या खेपेला ‘ल सिद’लाही.

विलार कोण, हे सांगायला हवं, कारण इथूनच गोष्ट एका नटापुरती उरत नाही. 1947 च्या सप्टेंबरात दक्षिण फ्रान्समधल्या आविन्यों शहरातल्या पोपमहालाच्या मोठ्या अंगणात विलारने उघड्यावर नाटकं केली. त्यातूनच आजचा आविन्यों महोत्सव वाढला. उंचच उंच दगडी भिंती, वर आभाळ. पडदा नाही, रंगवलेलं नेपथ्य नाही. प्रकाश, पोशाख आणि नट एवढ्यावर सगळं. त्याच सुमाराला मंत्रालयात नाट्यव्यवहार पाहणाऱ्या झान लोरां या अधिकारी बाई नाटक पॅरिसच्या उच्चभ्रू वस्त्यांबाहेर काढण्याच्या मागे लागल्या होत्या. 1920 मध्ये फिर्मँ जेमिएने स्थापन केलेलं लोकनाट्यगृह, तेआत्र नासिओनाल पोप्युलेर, म्हणजे टीएनपी, नावापुरतं उरलं होतं. 1951 मध्ये लोरांबाईंनी ते विलारच्या हाती दिलं. पुढच्याच वर्षी त्यांची त्या खात्यातून उचलबांगडी झाली, पण काम होऊन गेलं होतं.

जुलै 1951 मध्ये आविन्योंला तालमी चालू असताना फिलिप मंचावरून खाली कोसळला आणि गुडघा दुखावला. ‘ल सिद’चे सुरुवातीचे प्रयोग त्याने बसून केले. शौर्याचा पुतळा मानला जाणारा रोद्रिग खुर्चीत! तोवर फ्रान्समध्ये ही भूमिका छाती फुगवून, कविता घंटानादासारखी म्हणून करायची रीत होती. फिलिपने तिच्यातली पोरसवदा घालमेल बाहेर काढली. बारा अक्षरांची ती जुनी ओळ त्याच्या तोंडी बोलण्यासारखी यायची आणि तरीही तिचा ताल सुटायचा नाही. ‘होम्बुर्ग’मध्ये नायिका झान मोरो होती, पोशाख लेओं गिशियाचे, संगीत कोवळ्या मोरिस जारचं, जो पुढे हॉलिवूडमध्ये गाजला. विलारच्या मंडळींची छायाचित्रं काढणारी मुलगी आन्येस वार्दा. ती अजून सिनेमाकडे वळायची होती.

पॅरिसला परतले तर हक्काचं घर नाही. टीएनपीचा शायो महाल त्या हिवाळ्यात संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने व्यापलेला. म्हणून नोव्हेंबर 1951 मध्ये मंडळी स्युरेन या कामगार उपनगरात गेली. शनिवार-रविवारचा घसघशीत बेत: नाटक, संगीत, जेवण आणि शेवटी नाच, सगळं एकाच स्वस्त तिकिटात. एका रात्री ‘ल सिद’, दुसऱ्या रात्री ब्रेख्तचं ‘मदर करेज’, ज्यात हा सिनेमाचा तारा छोट्या भूमिकेत, आईचा सैन्यात गेलेला मुलगा म्हणून. पुढे शायोला बस्तान बसल्यावरही विलारने नियम सोडले नाहीत. कोट ठेवायला पैसे नाहीत, जागा दाखवणाऱ्याला बक्षिसी नाही, तिकिटं कारखान्यांच्या कामगार समित्यांमार्फत. त्याच्या मते नाटक ही पाणी, गॅस, वीज यांसारखी सार्वजनिक सेवा होती.

आणि पोस्टरवर नावं वर्णानुक्रमाने. नाटकधंद्यातल्या माणसाला याचं वजन सांगायला नको. नाव कुठे, किती टाइपात, कोणाच्या वर, यावरून आपल्याकडेही भांडणं झाली आहेत. रोमन वर्णमालेत ‘पी’ बराच खाली येतो. झान मोरो त्याच्या वर, पुढे संचात आलेला फिलिप नुआरेही वर. खुद्द विलार तर ‘व्ही’मुळे जवळजवळ तळाशी. फिलिपचं मानधनही सिनेमाच्या दरांशी तुलनाच नको असं, संचाच्या चौकटीतलं. सिनेमांची वेळापत्रकं आणि शायोतले प्रयोग यांची सांगड घालण्यात त्याची आठ वर्षं गेली. याच काळात त्याने म्युसेचं ‘लोरेंझाच्चो’ आविन्योंला स्वतः बसवलं, ‘रुई ब्ला’ केलं, ‘दुसरा रिचर्ड’ केला, आणि मंडळींबरोबर दौऱ्यांवर देशोदेशी फिरला.

1952 चा ‘फांफां ला त्युलिप’ म्हणजे जीना लोलोब्रिजिदासोबतची घोड्यावरची, छपरांवरची धमाल. कान महोत्सवात क्रिस्तियां-जाकला दिग्दर्शनाचं बक्षीस मिळालं आणि जपानी चाहत्यांनी फिलिपचं नावच ‘फांफां’ करून टाकलं. रने क्लेमांच्या ‘मस्य रिपुआ’मधला बायकांना फसवत लंडनभर हिंडणारा लफंगा मला त्याहून मोठं काम वाटतो. तिथे तो आपलं देखणेपण स्वतःच उसवून दाखवतो. 1956 मध्ये जोरिस इवेन्सच्या मदतीने आणि पूर्व जर्मनीच्या भागीदारीत स्वतः दिग्दर्शित केलेला ‘तिल’ मात्र सपशेल पडला.

वर्णानुक्रमाची ही सवय मग रंगमंचाबाहेरही गेली. 1957 मध्ये त्याने ‘नट म्हणजे कुत्री नव्हेत’ अशा मथळ्याचा लेख लिहिला, नटांच्या बेकारीबद्दल आणि कामाच्या अटींबद्दल. स्वतः त्याला कशाची ददात नव्हती. नटांच्या संघटनेत तेव्हा फूट पडलेली होती. 1958 मध्ये दोन्ही गट एकत्र येऊन फ्रेंच नट संघटना उभी राहिली आणि अध्यक्षपद त्याच्याकडे आलं. शूटिंग, प्रयोग आणि बैठका असा दिनक्रम. ती संघटना आजही काम करते.

त्याच्यावर टीका करणारेही होतेच. जानेवारी 1954 मध्ये तरुण समीक्षक त्रुफोने ‘काय्ये द्यु सिनेमा’ या मासिकात गाजलेला लेख लिहून ज्या पुस्तकी, गुळगुळीत फ्रेंच सिनेमावर तोफ डागली, त्यात ओतां-लाराचे पटकथाकार अग्रभागी होते, आणि त्या सिनेमाचा चेहरा म्हणजे फिलिप. त्रुफोचं सगळंच चूक नव्हतं. 1959 मध्ये त्याने स्वतः दिग्दर्शित केलेला ‘ले कात्र सां कू’ हा सिनेमा आला. फिलिपचं ते शेवटचं वर्ष.

त्या वर्षी तो मेक्सिकोत लुईस बुन्युएलच्या सिनेमाचं काम करून आला तो थकलेलाच. पोटात दुखायचं. तिकडून अमीबाचा संसर्ग घेऊन आला असेल, यकृतात गळू असेल, असा डॉक्टरांचा कयास. 9 नोव्हेंबरला पॅरिसमध्ये पोट उघडलं तर यकृताचा कर्करोग निघाला. दिवस मोजकेच उरले होते. बायकोने, आनने, त्याला हे सांगितलं नाही. आन काही नुसती नटाची बायको नव्हती. 1948 मध्ये ती चीनमधून सिंक्यांगच्या वाटेने तांड्याबरोबर काश्मीरपर्यंत आली होती आणि त्या प्रवासावर तिने पुस्तक लिहिलं होतं. शस्त्रक्रियेनंतरचे दिवस ती ल्युक्सांबूर बागेजवळच्या त्यांच्या घरात त्याच्याशी पुढच्या बेतांविषयी बोलत राहिली. तो अंथरुणात ग्रीक शोकांतिका वाचत होता, पुढच्या भूमिकांच्या विचारात. 25 नोव्हेंबरला तो गेला.

रामात्युएल हे आनच्या माहेरच्यांचं सुट्टीचं गाव, म्हणून दफन तिथे. 1963 मध्ये तिने या शेवटच्या आठवड्यांवर एक छोटं पुस्तक लिहिलं, थेट त्याला ‘तू’ म्हणत. 1990 मध्ये ती वारली तेव्हा तिलाही त्याच्याच शेजारी ठेवलं.