मेनोपॉज आणि तोंडाचं आरोग्य

सलग 12 महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं धरतात, बहुतेकींना तो 45 ते 55 च्या दरम्यान येतो. हॉट फ्लॅशेस (अंगातून अचानक गरम वाफा येणं), झोप उडणं, चिडचिड यावर आता बरंच बोललं जातं पण तोंडात काय होतं ते फारसं कुणी सांगत नाही. मेनोपॉजमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं. त्याचे रिसेप्टर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या पेशींमधल्या जागा, हिरड्यांत, गालाच्या आतल्या अस्तरात, लाळग्रंथींतसुद्धा असतात, त्यामुळे ते कमी झालं की तोंडातही फरक पडू शकतो.

नेहमीची तक्रार म्हणजे तोंड कोरडं पडणं. रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, कोरडा घास पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. लाळ नुसती ओलाव्यापुरती नसते, ती तोंडातलं ॲसिड कमी करते आणि दातांना कॅल्शियम परत देते, म्हणून ती आटली की कीड लागते, त्यातही हिरडी सरकून उघड्या पडलेल्या मुळांना आधी, कारण तिथे इनॅमल (दातावरचं कडक आवरण) नसतंच. बीपीच्या, डिप्रेशनच्या काही गोळ्यांनीही तोंड सुकतं, तेव्हा सगळं खापर मेनोपॉजवर फोडू नये.

दुसरा प्रकार बर्निंग माउथ सिंड्रोम. जिभेचं टोक, कडा, टाळू गरम चहाने पोळल्यासारखं होतं, बऱ्याच जणींना सकाळी कमी आणि दिवस कलेल तसं जास्त, शिवाय धातूसारखी चव. आरशात बघावं तर जीभ ठणठणीत! म्हणूनच कितीतरी बायकांना 'मनाचे खेळ आहेत' असं ऐकून घ्यावं लागतं आणि हे अगदी चुकीचं आहे, ही आग खरी असते, नसांशी संबंधित दुखणं मानतात. मात्र आधी बी12, लोह, शुगर, थायरॉइड आणि तोंडातलं फंगल इन्फेक्शन तपासून घ्यावं.

हिरड्यांचं दुखणं मुळात प्लाकमुळेच (दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरामुळे) होतं, पण मेनोपॉजनंतर हाडं ठिसूळ होताना जबड्याचं हाडही झिजू शकतं, मग दात हलतात, कवळी सैल होते. ऑस्टिओपोरोसिससाठी (हाडं ठिसूळ होण्याच्या आजारासाठी) ॲलेन्ड्रोनेटसारख्या गोळ्या किंवा डेनोसुमॅबचं इंजेक्शन चालू असेल तर दात काढायच्या आधी डेंटिस्टला सांगायलाच हवं, क्वचित का होईना जबड्याची जखम भरत नाही आणि हाड उघडं पडतं. पण त्या भीतीने औषध स्वतःहून बंद करायचं नाही, विशेषतः डेनोसुमॅब, ते थांबवल्यावर मणके फ्रॅक्चर होऊ शकतात.

फ्लोराइडची पेस्ट दोनदा, अल्कोहोल नसलेला माउथवॉश, शुगर-फ्री च्युइंग गम, घोटघोट पाणी एवढ्यानेही बराच आराम पडतो. हार्मोन थेरपी (कमी झालेलं हार्मोन औषधातून देणं) मात्र केवळ दातांसाठी सुरू करत नाहीत.