कोक जाळणं उघड, पण क्लोरीन सोडणं?

‘कोक जाळून उत्प्रेरक साफ करायचा, त्यात पेटंट कसलं?’ ही शंका इंजिनिअर मंडळीही काढतात. कोक म्हणजे उत्प्रेरकावर साचणारा कार्बनचा थर. आणि जाणकाराला जे सहज सुचेल, म्हणजे ‘उघड’ असेल, त्याला पेटंट मिळत नाही; म्हणून ही शंका अर्धी बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यात फार देखणं रसायनशास्त्र आहे.

नॅफ्थापासून, म्हणजे कच्च्या तेलातल्या हलक्या भागापासून, जास्त ऑक्टेनचं पेट्रोल बनवताना उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या अल्युमिनाच्या (अल्युमिनियम ऑक्साइडच्या) गोळ्यांवर जेमतेम ०.३ टक्के प्लॅटिनम आणि सुमारे १ टक्का क्लोरीन असतं. ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास काम करता करता त्यांच्यावर कोक साचतो. तो जाळता येतो, आणि तापमान भडकू नये म्हणून ऑक्सिजन कमी ठेवायचा असतो, हे या क्षेत्रातला कोणीही जाणकार सांगेल. मग ऑक्सिजनचा नेमका आकडा शोधला, तर? १९५५ साली अमेरिकी न्यायालयापुढे असाच एक पेटंट अर्ज होता, अ‍ॅलर यांचा. फिनॉल हे रसायन बनवण्याच्या जुन्या पद्धतीत १०० अंश तापमान आणि १० टक्के सल्फ्युरिक आम्ल होतं. अर्जदारांनी ४० ते ८० अंश आणि २५ ते ७० टक्के घेतलं. उत्पादन वाढलं, तरी पेटंट नाकारलं गेलं. ठाऊक असलेल्या प्रक्रियेतले आकडे नेहमीच्या प्रयोगांनी जुळवणं हा शोध नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

खरी गंमत कोक जळून गेल्यावर आहे. अळवाच्या पानावरचे थेंब एकमेकांत मिसळावेत तसे प्लॅटिनमचे कण उष्णतेनं एकत्र येतात. १ नॅनोमीटरच्या कणात जवळपास सगळे अणू पृष्ठभागावर, म्हणजे कामावर असतात. कण १० नॅनोमीटरचा झाला की दहातला साधारण एकच. आता ऑक्सिजनबरोबर क्लोरीनचं संयुग सोडलं की प्लॅटिनमची ऑक्सिक्लोराइड रूपं तयार होतात, कणातून सुटतात आणि अल्युमिनाच्या पृष्ठभागाला धरून पसरतात. मग हायड्रोजननं क्षपण केलं, म्हणजे त्यातला ऑक्सिजन आणि क्लोरीन काढून घेतलं, की प्लॅटिनम पुन्हा बारीक विखुरलेलं मिळतं. एके काळी सोन्याहूनही महाग असलेला हा धातू असा परत कामाला लागतो!

हे उघड होतं का? उत्तर अर्जाच्या तारखेला काय माहीत होतं त्यावर ठरतं, आज काय सोपं वाटतं त्यावर नाही. एक पेच मात्र आहे. गोळ्यांना कामासाठी लागणारी आम्लता क्लोरीनमुळे येते; ती राखण्यासाठी जळताना निघून गेलेलं क्लोरीन भरून काढावं, असं आधीच छापून आलेलं असेल, तर जाणकार त्याच वाटेनं गेला असता. मग प्लॅटिनम विखुरणं हा वरचा लाभ ठरतो, आणि उघड वाटेवर आपोआप मिळणारा लाभ युरोपीय पेटंट कार्यालयात अर्जाला सहसा वाचवत नाही. आम्लतेसाठी कोणी वापरली नसती अशी ऑक्सिजन, क्लोरीन आणि तापमानाची जुळणी असेल, तर बाजू भक्कम होते.

 

भारतात आणखी एक चाळणी आहे. १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) नुसार, ज्ञात प्रक्रियेचा नुसता वापर हा शोध धरला जात नाही. त्यातून नवं उत्पादन निघायला हवं किंवा निदान एक नवा अभिकारक, म्हणजे अभिक्रियेत भाग घेणारा पदार्थ, वापरलेला हवा. जुनाच उत्प्रेरक परत मिळत असेल, तर सगळा भार त्या क्लोरीनच्या संयुगावर येतो.