अधिकृत सिंगल : आवृत्तीचा दर्जा

पॉप गीताची एखादी आवृत्ती ध्वनिमुद्रण कंपनीने अल्बमपासून वेगळे, स्वतंत्र प्रकाशन म्हणून श्रोत्यांसाठी बाजारात आणली असेल, तर तिला अधिकृत सिंगल म्हणतात. गीत गाजले किंवा त्याचा व्हिडिओ निघाला, एवढ्याने हा दर्जा मिळत नाही. केवळ रेडिओ केंद्रांना पाठवलेले प्रमोशनल सिंगलही वेगळे धरावे लागते.

नागपूरच्या श्रोत्याला हा भेद सहजी जाणवत नाही, कारण १९४८ पासून सुरू असलेल्या आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावर काय किंवा सीताबर्डीवरून आणलेल्या कॅसेटवर काय, गाणे मुख्यतः चित्रपटाच्या नावानेच ओळखले जाई. आता मोबाइलवरील संगीत-ॲपमध्ये ‘सिंगल’ हा शब्द सतत दिसतो. पण तिथे एक ते तीन गाण्यांच्या छोट्या प्रकाशनाला सरसकट तसे म्हटले जात असल्याने तो पुरावा अपुरा आहे. त्यापेक्षा कंपनीची घोषणा, प्रकाशनाची स्वतंत्र तारीख आणि कॅटलॉग क्रमांक (कंपनीने त्या प्रकाशनाला दिलेला नोंदणी क्रमांक) अधिक भरवशाचे. आयएसआरसी हा बारा वर्णांचा आंतरराष्ट्रीय संकेतांक रीमिक्सला किंवा मैफलीतल्या ध्वनिमुद्रणाला निराळा मिळतो, मात्र तो अल्बममधल्या प्रत्येक गाण्यालाही असतो; म्हणजे ध्वनिमुद्रण वेगळे आहे, एवढेच त्यावरून ठरते.

खरा घोळ लोकप्रियतेच्या याद्यांमुळे होतो. अमेरिकेतील ‘बिलबोर्ड हॉट १००’ या यादीत डिसेंबर १९९८ पर्यंत विक्रीस न आलेल्या गीताला प्रवेश नव्हता. नो डाउट या बँडचे ‘डोन्ट स्पीक’ तिथल्या रेडिओवर अग्रस्थानी असूनही त्या यादीत आले नाही. ब्रिटनमध्ये मात्र ते सिंगल म्हणून विकले गेले आणि १९९७ मध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. तेव्हा दर्जा ठरवताना देश सांगणे अत्यावश्यक आहे.

रीमिक्सचा प्रश्न याहून नाजूक आहे. लुईस फॉन्सीचे ‘देस्पासीतो’ हे स्पॅनिश गीत जानेवारी २०१७ मध्ये आले, गायक जस्टिन बीबरसह त्याचा रीमिक्स एप्रिलमध्ये; बिलबोर्डने दोन्हींचे आकडे एकत्र मोजले आणि गीत सोळा आठवडे अग्रस्थानी राहिले. उलट, जेनिफर लोपेझच्या ‘आय ॲम रिअल’चा २००१ मधला रीमिक्स चाल आणि शब्द दोन्हींत मूळ गीताहून इतका निराळा होता की, पुढे अशा आवृत्त्या स्वतंत्र मोजण्याचा नियम बिलबोर्डने केला. आकडे एकत्र करणे ही यादीकर्त्याची हिशोबाची सोय आहे. तिच्यावरून कंपनीने काय प्रकाशित केले, हे ठरवू नये.