पेन ड्राइव्हमधलं फोल्डर: खरं कोणतं, सोंग कोणतं

मावशीने पेन ड्राइव्ह माझ्या हातात ठेवला तेव्हा तिचा चेहरा पडला होता. बचत गटाचे सहा वर्षांचे हिशेब त्यात होते. आदल्या दिवशी ती झेरॉक्सच्या दुकानात दोन पानांची प्रिंट काढून आली. घरी आल्यावर फोल्डरं नेहमीसारखी उघडली, फक्त प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा बाण दिसत होता. शेजारच्या मुलाने ‘हा शॉर्टकट व्हायरस’ म्हणून ती सगळी डिलीट केली, आणि पेन ड्राइव्ह रिकामा झाला. आता फॉरमॅट मारून टाका, असा सल्लाही त्याने दिला. तो तिने ऐकला नाही हे फार बरं झालं. कारण मी प्रॉपर्टीज उघडून पाहिलं, तर दिसत काहीच नव्हतं आणि जागा मात्र तीन जीबी भरलेली होती. असं दिसलं की घाबरायचं नाही. सामान बहुतेक वेळा आतच असतं.

दिसायला सारख्या, पण मुळात वेगळ्या अशा या दोन वस्तू आहेत. फोल्डर म्हणजे कपाट, तुमच्या फायली त्यात असतात. शॉर्टकट म्हणजे कपाट कुठे आहे हे सांगणारी चिठ्ठी. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर ही सोय आली आणि डेस्कटॉपवर आपण ती रोज वापरतो, त्यात वाईट काही नाही. पण चिठ्ठीवर नुसता पत्ताच लिहावा असं बंधन नाही, हुकूमही लिहिता येतो. पेन ड्राइव्हमधल्या या सोंगाच्या चिठ्ठीवर मजकूर असतो तो असा: आधी अमुक स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला द्यायच्या आदेशांची छोटी फाइल) चालव, मग मालकाला त्याचं कपाट उघडून दाखव. कपाट खरोखर उघडतं, म्हणून मालकाला शंका येत नाही. तेवढ्या वेळात स्क्रिप्ट कॉम्प्युटरमध्ये जाऊन बसलेली असते.

आणि खरं कपाट? ते लपवलेलं असतं. कधी फोल्डरवर ‘हिडन’ आणि ‘सिस्टम’ अशा दोन्ही खुणा लावलेल्या असतात. कधी सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकललेलं असतं. त्याचं नाव म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक रिकामं अक्षर. ॲन्ड्रोमेडा नावाच्या व्हायरसने ही दुसरी युक्ती खूप वापरली. त्याने बाधित कॉम्प्युटरांचं जाळं नोव्हेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने आणि युरोपातल्या पोलिसांनी मिळून मोडलं, पण युक्ती मागे उरली.

पूर्वी पेन ड्राइव्ह लावला की ऑटोरन या विंडोजच्या सोयीने व्हायरस आपोआप सुरू व्हायचा. विंडोज ७ मध्ये पेन ड्राइव्हपुरती ती वाट बंद झाली आणि फेब्रुवारी २०११ च्या अपडेटने एक्सपी आणि व्हिस्तावरही. आता डबल क्लिक करणारा माणूस हवा होता, आणि माणूस सगळ्यात निःशंकपणे उघडतो ते स्वतःच्याच नावाचं फोल्डर.

ओळखायचं कसं? बाण ही पहिली खूण, पण ती एकटी पुरत नाही. बऱ्याच जणांना वाटतं की एक्स्टेन्शन (फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबापुढे असणारी, तिचा प्रकार सांगणारी अक्षरं) दिसायला लावलं की सोंग उघडं पडेल. फोल्डरचं चित्र लावून बसलेली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅमची, फाइल त्याने नक्की पकडली जाते, आणि तीही याच कुळातली आहे, म्हणून एक्स्टेन्शन जरूर दाखवून ठेवा. पण शॉर्टकटचं एक्स्टेन्शन विंडोज ते सेटिंग केल्यावरही दाखवत नाही, हे थोड्यांनाच माहीत असतं. म्हणून व्ह्यूमध्ये ‘डिटेल्स’ निवडा आणि ‘टाइप’चा रकाना वाचा. खऱ्यापुढे ‘फाइल फोल्डर’ लिहिलेलं असतं आणि ‘साइझ’चा रकाना कोरा असतो. सोंगापुढे ‘शॉर्टकट’ असतं आणि आकार एक-दोन केबी. सहा वर्षांचे हिशेब दोन केबीत मावत नाहीत! अजून खात्री हवी असेल तर त्यावर डबल क्लिक न करता राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधलं ‘टार्गेट’ वाचा. साध्या शॉर्टकटमध्ये फोल्डरचा किंवा प्रोग्रॅमचा पत्ता असतो. इथे मात्र सीएमडी किंवा डब्ल्यूस्क्रिप्ट अशी, आदेश आणि स्क्रिप्ट चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमची नावं आणि त्यापुढे एखाद्या स्क्रिप्टचं नाव दिसतं.

आता सामान बाहेर काढण्याचं काम. फाइल एक्सप्लोररच्या ऑप्शन्समध्ये ‘व्ह्यू’ टॅबवर लपलेल्या फायली दाखवायला सांगा, आणि ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची टिकही काढा. ही दुसरी टिक लोक विसरतात आणि मग ‘काहीच दिसत नाही’ म्हणून रडकुंडीला येतात. आता फिकट रंगाची तुमची फोल्डरं दिसतील. शेजारी ‘सिस्टम व्हॉल्यूम इन्फर्मेशन’ दिसेल, ते विंडोजचंच असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका. प्रॉपर्टीजमधली ‘हिडन’ची टिक काढायला गेलात तर ती बहुधा गोठलेली असेल, कारण सोबत ‘सिस्टम’ची खूण असते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲट्रिब आदेशाने दोन्ही खुणा काढता येतात. घरच्या माणसांना मात्र मी सोपी वाट सांगतो: आपल्या कागदपत्रांच्या आणि फोटोंच्या फायली तेवढ्या उचलून चांगल्या कॉम्प्युटरवरच्या नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा, ओळखीच्या नसलेल्या स्क्रिप्ट आणि ईएक्सई तिथेच सोडा. सगळं उघडून तपासल्यावरच फॉरमॅट.

अँटिव्हायरसबद्दल एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. तो शॉर्टकट काढून टाकतो, पण लपवलेली फोल्डरं दरवेळी उघडी करून ठेवत नाही. मग लोक म्हणतात, अँटिव्हायरसने फायली खाल्ल्या. खाल्लेल्या नसतात.

पेन ड्राइव्ह साफ झाला तरी तुमच्या कॉम्प्युटरमध्ये स्क्रिप्ट शिरली असेल, तर पुढच्या वेळी लावताच बाण परत येतील. म्हणून आधी कॉम्प्युटर. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये डब्ल्यूस्क्रिप्ट चालू दिसला तर पुन्हा अशाच दोन वस्तूंचा गोंधळ होतो. डब्ल्यूस्क्रिप्ट ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, ती डिलीट करायची नाही. ती फक्त हमाल, ओझं दुसऱ्याचं आहे. रकान्यांच्या मथळ्यावर राइट क्लिक करून ‘कमांड लाइन’ जोडा, म्हणजे ती कुठली स्क्रिप्ट चालवते आहे ते पत्त्यासकट दिसेल, बऱ्याचदा ॲपडेटा किंवा टेम्प या विंडोजच्या आतल्या फोल्डरांमध्ये. ती प्रक्रिया थांबवा, मग स्क्रिप्ट काढा, स्टार्टअप फोल्डर आणि टास्क शेड्यूलर पाहा, तिथून ती आपोआप पुन्हा सुरू होऊ शकते. हाताने काढलं तरी शेवटी विंडोज सिक्युरिटीतल्या स्कॅन ऑप्शन्समधून ऑफलाइन स्कॅन करा. कॉम्प्युटर रीस्टार्ट होऊन, विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे व्हायरसला लपायला सवड मिळत नाही. पेन ड्राइव्ह मात्र राइट क्लिक करून वेगळा स्कॅन करा, फुल स्कॅनमध्ये तो धरला जाईलच असं नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची अशी साफसफाईची साधनंही मोफत मिळतात.

मावशीचे हिशेब सगळे सापडले, बिननावाच्या फोल्डरमध्ये. दोन दिवसांनी मी त्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो, भांडायला नव्हे. एका रिकाम्या पेन ड्राइव्हवर ‘चाचणी’ नावाचं फोल्डर करून त्यांच्या कॉम्प्युटरला लावलं. थोड्याच वेळात त्यावर बाण आला. दुकानदार काका बघतच राहिले, गावातली निम्मी मुलं परीक्षेचे फॉर्म तिथेच भरतात. दुपारी दुकान बंद असताना आम्ही बसून कॉम्प्युटर साफ केला, ऑफलाइन स्कॅन संपवला आणि तोच पेन ड्राइव्ह फॉरमॅट करून, नवं ‘चाचणी’ फोल्डर टाकून परत लावला. काकांनी स्वतः ‘डिटेल्स’ उघडून टाइपच्या रकान्यावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, “फाइल फोल्डर.” साइझचा रकाना कोरा होता.