ओसीला टॅग किती लावायचे यापेक्षा कुठला लावायचा

चित्रं काढणाऱ्या पोरापोरींमध्ये एक सल्ला सारखा फिरत असतो, की चित्र अपलोड करताना सुचतील तेवढे टॅग ठोकून द्या, तीस टाका, चाळीस टाका, रीच वाढतो. बाकी कशासाठी खरं असेल नसेल, पण स्वतःच्या ओसीसाठी हा सल्ला साफ चुकीचा आहे, आणि तो का चुकीचा आहे हे कळायला टॅग आतून कसा चालतो ते बघावं लागतं. (ओसी म्हणजे ओरिजिनल कॅरेक्टर, कुठल्या मालिकेतलं नाही, गेममधलं नाही, आपण स्वतः डोक्यातून काढलेलं पात्र.)

आधी माणसांचा प्रॉब्लेम. १९८७ मध्ये जॉर्ज फर्नास या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक पेपर छापला, त्यात लोकांना साध्या साध्या गोष्टींना नावं द्यायला सांगितली होती, पाककृतींना कीवर्ड द्या, कॉम्प्युटरच्या कमांडला शब्द सुचवा, असं. दोन माणसं एकाच गोष्टीला आपापल्या मनाने तोच शब्द देतील याची शक्यता प्रत्येक प्रयोगात २० टक्क्यांच्या खाली आली. म्हणजे तुम्ही तुमच्या पात्राला 'योद्धा मुलगी' असा टॅग लावला आणि शोधणारा 'तलवारवाली' टाइप करतोय, तर भेट होणं कठीण. मालिकेतल्या पात्रांचं बरं असतं, त्यांचं नाव मालिकेनेच ठरवून दिलेलं असतं, हजारो लोक तेच लिहितात. ओसीला असं कोणी नसतं, एकटे तुम्हीच.

आता यंत्राची बाजू. आर्काइव्ह, म्हणजे चित्रं साठवून शोधायला देणारी साइट, तुमच्या चित्राकडे बघत नाही, ते याद्या बघतं. प्रत्येक टॅगची एक यादी, त्या यादीत तो टॅग असलेल्या चित्रांचे नंबर, चढत्या क्रमाने लावलेले. याला उलटी सूची म्हणू. कोणी दोन टॅग टाकून सर्च केलं की दोन याद्यांमधले कॉमन नंबर काढायचे. दोन्ही याद्यांच्या सुरुवातीला एकेक बोट ठेवा, ज्या बोटाखालचा नंबर लहान ते बोट पुढे सरकवा, नंबर सारखे आले की ते चित्र उत्तरात टाका आणि दोन्ही बोटं पुढे, झालं. एक यादी दहा लाखांची आणि दुसरी बाराच चित्रांची असेल तर आणखी सोपं, त्या बारा नंबरांसाठी मोठ्या यादीत फक्त उड्या मारत तपासायचं. उत्तर किती बारीक होणार हे छोटी यादी ठरवते. 'निळे केस' या टॅगची यादी अवाढव्य असते, त्यात तुमचं चित्र घालून तुमचं पात्र सापडत नाही, गर्दीत एक नंबर वाढतो फक्त. खरं काम करते ती बारा चित्रांची छोटी यादी, म्हणजे पात्राच्या नावाचा टॅग. तो एकच आणि दर वेळी तसाच हवा.

मग नाव द्यायचं काय? समजा तुम्ही पात्राचं नाव 'माया' ठेवलंत. जगात माया शेकड्याने आहेत. आपल्याकडे एका आळीत चार सुरेश असले की पाटलांचा सुरेश, कुलकर्ण्यांचा सुरेश असं म्हणतात, आर्काइव्हवालेही अगदी तेच करतात. २००५ पासून चालू असलेल्या डॅनबूरू या चित्रांच्या साइटवर (तिथलं सगळं सगळ्या वयांसाठी नाही, हे आधीच सांगतो) ही पद्धत फार नीट बसवलेली आहे. टॅगमध्ये स्पेस नसते, तिथे अंडरस्कोअर येतो, टॅगचे पाच प्रकार, कलाकार, कृती (पात्र ज्या मालिकेतलं किंवा गेममधलं ती), पात्र, सर्वसाधारण आणि मेटा (खुद्द फाइलबद्दलची माहिती), आणि प्रत्येकाचा रंग वेगळा. ओसीच्या चित्राला कृतीच्या जागी 'ओरिजिनल' लागतं, आणि नाव कॉमन असेल तर पात्राच्या नावापुढे कंसात निर्मात्याचं नाव, म्हणजे माया_(अमुकतमुक). दिसायला बोजड आहे पण त्याला कारण आहे. तिथे साध्या खात्याला एका वेळी दोनच टॅग टाकून शोधता येतं. 'माया' आणि कलाकार असे दोन टॅग टाकले की कोटा संपला, आता 'पाऊस' कुठून टाकणार? कंसवाल्या टॅगात दोन्ही गोष्टी एकातच बांधल्या गेल्या, एक टॅग उरला. ग्रंथालयशास्त्रात याला विषय आधीच जोडून ठेवणं म्हणतात, आणि विषयाचे पैलू सुटे करून ठरलेल्या क्रमाने जोडायचे कसे यावर आपल्या एस. आर. रंगनाथनांनी १९३३ मध्ये पुस्तकांची अख्खी कोलन वर्गीकरण पद्धत उभी केली होती, इंटरनेटच्या कितीतरी आधी! मला याचं फार अप्रूप वाटतं.

कंसातलं नाव निर्मात्याचं असतं, चित्र काढणाऱ्याचं नाही, इथे बरेच जण घसरतात. ओसीच्या जगात लोक एकमेकांची पात्रं काढतात, पैसे देऊन काढून घेतात, आर्ट फाइट नावाचा तर दर जुलैत एकमेकांची पात्रं काढण्याचाच खेळ असतो. म्हणजे पात्र माझं, चित्र तुमचं. तेव्हा कलाकाराच्या टॅगात तुम्ही, पात्राच्या कंसात मी, हे दोन कप्पे वेगळे ठेवले नाहीत तर मूळ पात्र कोणाचं हे दोन वर्षांनी कोणालाच सांगता येत नाही.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, टॅगांची आपसातली नाती. दोन नाती आहेत. एक उपनाम, म्हणजे अ लिहिलं की सिस्टीम गुपचूप ब करते. स्पेलिंगच्या चुका, उलटसुलट लिहिलेली नाव-आडनावं, सगळी इथे जिरतात. दुसरं अंतर्भाव, म्हणजे अ असेल तर ब असतोच. 'खूप लांब केस' असले की 'लांब केस' आपोआप लागतो, हात्सुने मिकू या जपानी आभासी गायिकेच्या बर्फाच्या वेशातल्या रूपाचा टॅग लावला की मूळ मिकूचा टॅग स्वतःहून येतो. अ वरून ब, ब वरून क असेल तर अ लावल्याबरोबर क पण लागायला हवा, म्हणून सिस्टीम बाणांच्या मागे मागे जाऊन पोचता येतील तेवढे सगळे टॅग गोळा करते. आणि हे बाण फिरून कधीच मूळ टॅगवर येता कामा नयेत, अ वरून ब आणि ब वरून परत अ असं झालं की दोन टॅगांतला फरकच पुसला जातो, कारण एक लावला की दुसरा लागणारच. ओसीवाल्यांना मोह होतो की माझी माया नेहमी चष्मा घालते, तर माया_(अमुकतमुक) वरून 'चष्मा' असा बाण टाकून देऊ. नका टाकू. ज्या दिवशी कोणी तिला पोहताना बिनचष्म्याची काढेल त्या दिवशी सिस्टीम खोटं बोलेल. अंतर्भाव फक्त कायम खरं असणाऱ्या गोष्टींसाठी. वेश बदलला तरी माया मायाच असते, त्यामुळे 'लढाईच्या वेशातली माया' वरून 'माया' हा बाण चालतो.

आर्काइव्ह ऑफ अवर ओन या फॅनकथांच्या आर्काइव्हने दुसरी वाट धरली. तिथे लेखकाने लिहिलेला टॅग जसाच्या तसा दिसतो आणि स्वयंसेवक मागच्या बाजूने समानार्थी टॅग एका प्रमाण टॅगला जोडत बसतात. त्यात माणसांचे प्रचंड तास जातात, पण लेखकाचे शब्द शाबूत राहतात.

'एआय करेल की टॅगिंग' असं म्हणणाऱ्यांना एवढंच, की टॅग लावायला बनवलेल्या नेहमीच्या मॉडेलकडे टॅगांची ठरलेली यादी असते, त्या यादीबाहेरचं नाव ते देऊच शकत नाही. ते निळे केस, चष्मा, पाऊस बहुतेक वेळा बरोबर सांगेल, पण ही मुलगी कोण आणि कोणाची हे पिक्सेलमध्ये नसतंच, ते तुम्ही सांगाल तेव्हाच कळतं. आणि अंकशास्त्रवाल्याचं ऐकून पात्राच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक जादा 'ए' घुसवणाऱ्यांनी तर तो नाद सोडावाच, त्या अक्षराने नशीब उघडत नाही, बारा चित्रांची यादी सात आणि पाच अशी फुटते मात्र.

देवनागरीत टॅग लिहिणाऱ्यांसाठी एक खास आपलीच भानगड आहे, जरा किचकट आहे पण वाचा. पात्राचं नाव 'ॲना' आहे. यातला ॲ युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला एक ठरलेला कोड देणारी जगभरची पद्धत) स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आला, कोड यू+०९७२. त्याआधी, आणि कित्येक कीबोर्डवर अजूनही, लोक अ आणि वरचा चंद्र असे दोन वेगळे कोड टाइप करतात, आणि काही जण त्या दोघांच्या मध्ये न दिसणारा जोडक, म्हणजे अक्षरं कशी जोडायची ते सांगणारा कोड, घालतात. स्क्रीनवर बहुतेक ठिकाणी तिन्ही सारखेच दिसतात, यंत्रासाठी मात्र तीन वेगळे टॅग, तीन याद्या. युनिकोडचं सामान्यीकरण नावाचं एक साफसफाईचं काम असतं, ते 'र अधिक नुक्ता (अक्षराखालचं टिंब)' याला नीट ऱ बनवतं, पण ॲ च्या या तीन रूपांना ते एक मानत नाही. मग न दिसणारा जोडक सरसकट काढून टाकू म्हटलं तर दुसरीकडे बोंब. काही जण 'कुऱ्हाड' मधला ऱ साधा र, हलंत आणि जोडक असा लिहितात, तिथला जोडक काढला की रफार होऊन 'कुर्हाड' होतं. त्यामुळे देवनागरीत यावर उपाय परत उपनामाचाच, प्रत्येक रूपाकडून एका ठरलेल्या रूपाकडे बाण.

नाव बदलायचं असेल तेव्हाही हेच वापरतात. माया ची उद्या 'मृण्मयी' केलीत तर जुन्या टॅगकडून नव्याकडे उपनाम टाकायचं, जुनी चित्रं आपोआप नव्या यादीत येतात, एकेक उघडून बदलावी लागत नाहीत. फक्त जुना टॅग कंसाशिवाय नुसता 'माया' असला तर हे करता येत नाही, कारण मग जगातल्या बाकी सगळ्या माया उचलून तुमच्या मृण्मयीच्या यादीत येऊन पडतात.