टोकनमधला अर्धा हॅश आणि त्यामागची पार्श्वभूमी

मे २०२३मध्ये पायथॉन भाषेतल्या पायजेडब्ल्यूटी या लायब्ररीची २.७.० आवृत्ती आली. जेडब्ल्यूटी म्हणजे सही केलेलं टोकन, लॉगिनसारख्या कामासाठी एका संगणकाने दुसऱ्याला दिलेली चिठ्ठी; ती बनवायचं आणि तपासायचं काम ही लायब्ररी करते. बदलांच्या यादीत एक साधीशी ओळ होती: सहीच्या प्रत्येक अल्गोरिदमला आता ‘कम्प्यूट हॅश डायजेस्ट’ ही मेथड मिळाली आहे. हॅश (मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा) काढायला वेगळी मेथड कशाला, पायथॉनसोबत त्यासाठीचं हॅशलिब फुकटच येतं की, असं मलाही वाटलं असतं. पण नागपूरच्या आयटी पार्कात आमच्या टीमने त्याआधी दीड दिवस नेमका याच हॅशपायी घालवला होता.

खरं तर लायब्ररीत हॅश पहिल्या दिवसापासून होताच. टोकनवर सही करायची म्हणजे आधी मजकुराचा हॅश काढायचा आणि त्यावर किल्ली चालवायची. आरएस२५६ या सहीच्या अल्गोरिदमच्या नावातला २५६ म्हणजे एसएचए-२५६ हा २५६ बिटांचा हॅश. एचएस२५६मध्ये तोच हॅश एचमॅक पद्धतीने, म्हणजे दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली गुप्त किल्ली मजकुरात मुरवून काढतात. ती पद्धत बेलारे, कॅनेटी आणि क्रॉचिक यांनी १९९६मध्ये मांडली, पुढच्याच वर्षी तिचं मानक झालं. जेडब्ल्यूटीचं मानक मे २०१५चं. (उच्चार ‘जॉट’ करा, असं मानकातच सुचवलंय. आमच्याकडे कोणी करत नाही.) या सगळ्यात हॅश हा स्वयंपाकघरातला माणूस. पंगतीत त्याला बोलवायची वेळ आली ती वेगळ्याच कारणाने.

ऑक्टोबर २०१२मध्ये ओऑथ २.० ही अॅप्लिकेशनला परवानगी देण्याची पद्धत प्रमाणित झाली. त्यात अॅप्लिकेशनला ॲक्सेस टोकन मिळतं, म्हणजे एखादं दार उघडायची किल्ली. किल्ली कोणाची, हे ती सांगत नाही. तरी लोकांनी तिच्यावरच लॉगिन उभारलं. किल्ली चालते ना, मग माणूस तोच, असा सरळ हिशेब. त्यातली फट अशी की एका अॅपसाठी दिलेलं टोकन कोणी दुसऱ्याच अॅपपुढे ठेवलं, तर ते अॅपही त्याला भलत्याच माणसाच्या नावाने आत घेई. फेब्रुवारी २०१४मध्ये आलेल्या ओपनआयडी कनेक्ट या लॉगिनच्या मानकाने यावर उपाय म्हणून सोबत आयडी टोकन दिलं. त्यावर सही असते आणि हा माणूस कोण, हे पत्र कोणत्या अॅपसाठी, हे त्यात लिहिलेलं असतं.

सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्यांना पुढचं लगेच कळेल. पत्रावर सही-शिक्का असतो, पण सोबतचं सहपत्र सुटं. मधल्या टेबलावर कोणी सहपत्र बदललं तर पत्र खरं आणि जोडलेला कागद खोटा. म्हणून पत्राच्या तळाशी ‘सोबत’ लिहून कागदाचं वर्णन देतात. आयडी टोकन हे पत्र, ॲक्सेस टोकन हे सहपत्र, आणि ते वर्णन म्हणजे ‘एटी-हॅश’ हा रकाना. त्यात ॲक्सेस टोकनच्या हॅशचा ठसा असतो. ब्राउझरच्या पत्त्यातून दोन्ही टोकनं एकदम येतात त्या इम्प्लिसिट प्रकारात हा रकाना सक्तीचा, आधी एक कोड घेऊन मग त्यावर टोकन मागायच्या ऑथोरायझेशन कोडच्या प्रकारात ऐच्छिक. कोडसाठीही असाच सी-हॅश आहे.

आता तो काढायचा कसा? आयडी टोकनच्या हेडरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या भागात, जो अल्गोरिदम आहे, त्याचाच हॅश घ्यायचा, ॲक्सेस टोकनवर चालवायचा, येणाऱ्या बाइटचा डावा अर्धा भाग ठेवायचा आणि तो बेस६४च्या, म्हणजे बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या रीतीच्या, यूआरएलवाल्या रूपात लिहायचा. एसएचए-२५६चे ३२ बाइट, अर्धे १६, शेवटची ‘=’ चिन्हं काढून २२ अक्षरं. आमच्यातल्या ज्युनिअरने तर्री पोहे खाता खाता विचारलं होतं, “पण दादा, अर्धाच काऊन घेते हे?” पत्त्यातून जाणाऱ्या टोकनमध्ये प्रत्येक अक्षर मोजूनमापून वापरलेलं बरं, आणि ठरावीक टोकनशी जुळणारं दुसरं टोकन शोधायला १२८ बिटही कोणाला पुरून उरतील.

आमची चूक तिथेच झाली. टोकनमध्ये २२ अक्षरं, आम्ही काढलेली ४३. पहिला संशय, अर्धा करायला विसरलो. अख्ख्या ३२ बाइटची बरोबर ४३ अक्षरं होतात. पण कोडमध्ये अर्धा केल्याची ओळ डोळ्यांसमोर होती. दुसरा एकजण म्हणाला, ४३च बरोबर आहे, पीकेसीईमध्ये (चोरलेला कोड वापरता येऊ नये म्हणून ओऑथला दिलेली जोड) रोज तेवढीच दिसतात. तेही खरं, २०१५च्या त्या मानकात एसएचए-२५६ अख्खा जातो. म्हणजे समोरच्याचं टोकनच चुकीचं, असं ठरवून आम्ही तिकडे मेल टाकायच्या बेतात होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी उलगडलं. आम्ही बाइट अर्धे केलेच नव्हते. हॅशची ६४ हेक्स अक्षरं, म्हणजे दर बाइटला दोन, घेऊन त्यातली ३२ ठेवली होती, आणि त्या ३२ अक्षरांनाच बाइट समजून बेस६४ केलं होतं. उत्तर पुन्हा ४३! लांबी अख्ख्या हॅशची, आतला ऐवज भलताच.

अशी चूक लायब्ररीने वाचवावी ही अपेक्षा रास्त आहे, पण मेथड जोडण्याचं खरं कारण त्याहून आतलं आहे. कोणत्या अल्गोरिदमला कोणता हॅश, हे लायब्ररीला आधीच ठाऊक असतं. बाहेरचा माणूस एसएचए-२५६ ठोकून मोकळा होतो आणि कोणी आरएस३८४ची सही पाठवली की लॉगिन बंद. लायब्ररीच्या आतही सगळं एकसारखं नव्हतं: एचमॅकवाले अल्गोरिदम हॅशलिब वापरत, आरएसए आणि एलिप्टिक कर्व्हवाले क्रिप्टोग्राफी या पॅकेजचे हॅश. दोघांना हाक मारायची रीत वेगळी. नवी मेथड हा भेद झाकते, समोर कोण आहे ते पाहून योग्य रीतीने हॅश काढते आणि बाइट परत देते.

एडडीएसए या सहीच्या अल्गोरिदमपाशी मात्र ती हात वर करते. त्याच्या एड२५५१९ या प्रकाराच्या पोटात एसएचए-५१२ असतो, एड४४८ या प्रकारात शेक२५६ हा हॅश, पण अल्गोरिदमच्या नावात त्याचा पत्ता नाही. ‘हेडरमधल्या अल्गोरिदमचा हॅश’ म्हणजे इथे कोणता, असा प्रश्न उरतो. मेथड अंदाज न बांधता एरर देते. मला हे आवडलं. सुरक्षेच्या कोडने मदतीच्या नादात अंदाज करू नये.

हेडरवरच्या विश्वासाचाही एक इतिहास आहे. २०१५मध्ये उघड झालं होतं की बऱ्याच जेडब्ल्यूटी लायब्रऱ्या हेडरमध्ये ‘नन’ (कोणताच अल्गोरिदम नाही) लिहिलं की सही न तपासता टोकन खरं मानत, किंवा आरएसएची सार्वजनिक किल्ली एचमॅकची गुप्त किल्ली म्हणून वापरायला तयार होत. म्हणून पायजेडब्ल्यूटीच्या २.० पासून, म्हणजे डिसेंबर २०२०पासून, सही तपासताना चालणाऱ्या अल्गोरिदमची यादी आपणच द्यावी लागते. एटी-हॅशसाठी हेडर वाचायचं ते सही पटल्यावरच.

बाकी, हॅश हा फक्त आमच्या धंद्याचा शब्द राहिलेला नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००च्या तिसऱ्या कलमात डिजिटल सहीने नोंद प्रमाणित करण्याच्या पद्धतीतच हॅश फंक्शन आहे. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रावर हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. सिव्हिल लाइन्सला हायकोर्टात जाणारे माझे एक वकील शेजारी आता मला एसएचए-२५६ म्हणजे काय विचारत नाहीत, ‘काढून दे’ म्हणतात.

मेथड हॅश अख्खाच देते, अर्धा करणं आजही आपल्याकडे. आम्ही जुना कोड काढून ती वापरली आणि शहाणपणा म्हणून एक टेस्टही लिहिली: लांबी २२ नसेल तर नापास. काही महिन्यांनी दुसरं एक लॉगिन जोडलं, तिथली सही आरएस५१२ची. ६४ बाइट, अर्धे ३२, अक्षरं ४३, आणि या वेळी ती बरोबर होती. टेस्ट काढून टाकली.