‘छातीत पाणी झालं’ म्हणजे नेमके कुठे?
अंडाशयाचा किंवा गर्भाशयमुखाचा कर्करोग बळावलेल्या बाईला दम लागू लागला, की नागपूरच्या मेडिकलमध्ये (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) गडचिरोली-भंडाऱ्याहून आलेल्या नातेवाइकांच्या कानावर बहुधा एकच वाक्य पडते: ‘छातीत पाणी झालं.’ हे पाणी हृदयाच्या आवरणात आहे की दुर्बळ हृदयामुळे फुप्फुसात उतरले आहे, हे त्यातून कळत नाही; आणि उपचार तर त्यावरच ठरतात.

डॉक्सोरुबिसिनसारख्या केमोथेरपीच्या औषधाची एकूण मात्रा वाढत गेली, की हृदयाचा स्नायू थकू शकतो. मग रक्त मागे तुंबते, पायांवर सूज येते, रात्री तीन उशा लावूनही आडवे होता येत नाही आणि स्टेथोस्कोप लावला तर फुप्फुसात बारीक चरचर ऐकू येते. अशा वेळी लघवी वाढवणाऱ्या गोळीने रुग्णाला खरोखर हलके वाटते. पुढची केमोथेरपी कोणती द्यायची, हे मात्र हृदयरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊनच ठरवावे.

हृदयाच्या आवरणातले पाणी वेगळे. त्या पिशवीत एरवी 15 ते 50 मिलिलिटरच द्रव असतो. कर्करोग तिथे पोहोचला, जे स्त्रियांच्या या कर्करोगांत क्वचितच घडते, तर द्रव वाढत जातो. हळूहळू साचला तर पिशवी ताणत बरीच जागा करून देते, पण झपाट्याने साचला तर 200 मिलिलिटरनेही हृदय आवळले जाते. नाडी धावते, रक्तदाब उतरतो, मानेच्या शिरा फुगतात, तरी फुप्फुसे बहुधा स्वच्छ ऐकू येतात. इथे ‘पाणी आहे ना’ म्हणून तीच गोळी दिली, तर आधीच नीट न भरणाऱ्या हृदयाकडे येणारे रक्त आणखी घटते आणि रुग्ण कोसळू शकतो. ही गल्लत मला सर्वांत भयंकर वाटते, कारण खाटेजवळच होणारा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, ती टाळू शकतो.

इकोत पाहत सुईने ते पाणी काढले, की अनेकदा काही मिनिटांतच श्वास मोकळा होतो. पाणी पुन्हा भरू नये म्हणून काही दिवस नळी ठेवतात. तरीही भरलेच, तर आवरणाला छोटी खिडकी, म्हणजे पाणी निघून जाण्यासाठी छेद, करण्याचा विचार होतो. ‘आता शेवटच्या टप्प्यात सुई कशाला टोचायची?’ असे घरचे कळवळून विचारतात, पण ती सुई आजार बरा करण्यासाठी नसते. रुग्णाला पाठ टेकून झोपता यावे, यासाठी असते.